डाळ लवकर शिजवणारं पाणी

पाणी चांगलं की वाईट हे ओळखायच्या आमच्याकडे तीन खुणा होत्या. भांड्यात घेतल्यावर तळ दिसला पाहिजे, साबणाला फेस आला पाहिजे आणि डाळ मऊ शिजली पाहिजे. माझ्या आईने ह्या खुणा तिच्या आईकडून घेतल्या होत्या. मुलगी द्यायची असली की मुलाच्या नोकरीचं पुरुष विचारायचे, आणि बायका हळूच विचारायच्या, "तुमच्याकडं डाळ शिजते का?" ज्या गावच्या पाण्यात डाळ शिजत नाही तिथे मुलीचा जन्म चुलीपुढे फुंकणी घेऊन जातो, असं आई म्हणायची.

तुर्भ्याच्या झिऱ्याचं पाणी ह्या तिन्ही खुणांना उतरलं होतं. म्हणून आम्ही ते बिनघोर प्यालो आणि माझ्या मुलीलाही पाजलं.

मी लग्न होऊन तुर्भ्याला आले तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका बाजूला डोंगर, त्याच्या पोटात दगडखाणी. दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या भिंती आणि त्यांच्यापलीकडे ट्रकचा रस्ता. मधल्या उतारावर आमची वस्ती. आमचे हे एका गोदामात माल चढवायला-उतरवायला होते. घरात आम्ही तिघं, हे, मी आणि सासूबाई. आम्ही कोकणातले. शेजारचं घर मराठवाड्याचं होतं. तिथला माणूस खाणीत दगड फोडायचा. त्याची बायको बोलकी होती, इतकी की माझ्या वाटणीचं बोलणंही तीच उरकायची. मी फारशी कुणाशी बोलत नसे. दुकानात गेले तरी वस्तूकडे बोट दाखवायची.

पाण्याचे हाल होते. रस्त्याकडेला एक नळ होता, तो एका कंपनीच्या दारासमोर. कधी यायचा, कधी नाही. आला तर बायकांची झोंबाझोंबी, आणि मी मागे उभी राहायची ती मागेच राहायची. शिरवण्याच्या गावात विहीर होती, पाणीही होतं, पण लांब चालावं लागे. आणि सासूबाईंपुढे त्या विहिरीचं नाव काढायचं नाही असं होतं.

त्याचं कारण शिरवणं नव्हतं. कारण आमचं गाव होतं. त्यांच्या तरुणपणी आमच्या वाडीच्या बायका गावच्या विहिरीवर लांब उभ्या राहायच्या. कुणीतरी येईल, त्याला दया येईल आणि तो वरून आपल्या कळशीत पाणी ओतील, म्हणून वाट बघायची. उन्हात उभं राहून सासूबाईंचा एकदा गर्भ गेला होता. नंतर धर्म बदलला, दिवस बदलले, पण त्या म्हणायच्या, "आता मी मरेपर्यंत दुसऱ्याच्या विहिरीवर कळशी घेऊन उभी नाय राहायची. माझी सूनपण नाय राहायची." शिरवण्याच्या लोकांनी आम्हाला कधी वावगं बोललेलं नव्हतं. पण सासूबाईंना विहीर म्हटलं की विहीर एवढीच दिसायची, गाव कुठलं ते दिसायचं नाही.

तेव्हा शेजाऱ्याने झिरा खणला. वस्तीच्या खालच्या अंगाने डोंगरातून येणारा नाला वाहायचा. उन्हाळ्यात तो सुकला की नुसती वाळू आणि गोटे उरायचे. त्या वाळूत हा माणूस एका सुट्टीच्या दिवशी पहार आणि घमेलं घेऊन उतरला. कमरेइतका खड्डा झाला आणि तळाला पाणी पाझरायला लागलं. आधी गढूळ, मग संध्याकाळपर्यंत काचेसारखं. पुढे पावसाळ्यात नाला भरला की खड्डा बुजायचा, ओसरला की शेजारी तो पुन्हा उकरायचा.

"आमच्याकडं समदं गाव झिऱ्यावर जगतंय," शेजारीण सांगू लागली. "नदी आटली की वाळू उकरायची. वाळू पाण्याला गाळून देती बगा वहिनी. वरनं म्हशी बसू द्या, खालचं पाणी गंगेवानी."

सासूबाई खाली उतरल्या, खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि ओंजळीने प्यायल्या. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ह्ये पाणी कुणाच्या हाताखालचं नाय." त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

पहिलं वर्ष पाणी खरोखर चांगलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळे म्हणू लागले की ते पहिल्यापासूनच तसं होतं. तसं नव्हतं. थंड, जरासं मातीच्या चवीचं. काठाच्या दगडाखाली दोन-तीन छोटे बेडूक असायचे. कळशी बुडवली की टुणकन उडी मारून पलीकडे जायचे. पाणी जड होतं, एवढंच. डाळ शिजायला वेळ लागायचा आणि सासूबाई कुरकुरायच्या की बाकी सगळं झालं, आता हिला शिजायची अक्कल दे.

माझी मुलगी त्याच वर्षी झाली.

झिऱ्याच्या वरच्या अंगाला एक लांब भिंत होती. आत पत्र्याची शेड, कुलूप लावलेली. ती बरेच दिवस तशीच होती. पुढच्या हिवाळ्यात तिथे ट्रक येऊ लागले, पत्र्यातून वाफ निघू लागली. भिंतीच्या पायाला एक नळ्याचं तोंड होतं, त्यातून पाणी वाहू लागलं. थंडीच्या दिवसांत त्या पाण्याला वाफ यायची. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, चला, धुण्याला गरम पाणी झालं. ते नळ्याचं पाणी कुणी प्यालं नाही, आम्ही एवढ्या वेड्या नव्हतो. आम्ही झिऱ्याचंच प्यायचो. झिरा खाली होता आणि मधे वाळू होती.

त्यानंतर आमची डाळ लवकर शिजू लागली.

पहिल्यांदा शेजारणीनेच सांगितलं. "वहिनी, काल डाळ टाकली, म्हटलं जरा केस विंचरून घ्यावेत. फणी केसात घालते तवर डाळीचं पीठ! काय जादू हो ही?"

"पाणी मुरलं आता," सासूबाई म्हणाल्या. "नव्या विहिरीचं पाणी मुरायला वरीस लागतो."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. साबणाला एवढा फेस यायचा की अर्धी वडी पुरायची. चहाला पावडर कमी लागायची, चिमूटभर टाकली की चहा काळा-तांबडा व्हायचा. भात किंचित पिवळसर दिसायचा, तर तांदूळ जुना असेल. शेजारीण माहेरच्या माणसांना सांगायची, आमच्या मालकानं खणलेल्या झिऱ्याला या अख्ख्या वस्तीत तोड नाही. बायका दुरून यायला लागल्या. त्यांना ती काठावर उभी राहून कळशी बुडवू द्यायची, जणू घरचंच ताक वाटते आहे.

बेडूक गेले होते. ते कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. एक दिवस कळशी बुडवली आणि मला जाणवलं की पलीकडे काही उडालं नाही. वाकून बघितलं. किडा नाही, शेवाळ नाही, दगड कोरे. मी घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, पाणी निवळलं."

मग माझं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं आतून काळं पडू लागलं. घासलं की गुळगुळीत व्हायचं, पण तळ पातळ होत चालला होता. उजेडाकडे धरलं तेव्हा त्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं. भांडीवाल्याने खोटा माल दिला, असं आम्ही म्हणालो. माझी बोटं कायम बुळबुळीत लागायची, कितीही धुतली तरी साबण राहिल्यासारखी. धुणं जास्त होतंय, असं आम्ही म्हणालो. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण होतं, आणि पाणी सोडून सगळ्यांवर आम्ही संशय घेत होतो.

मुलगी बसू लागली तसं तिचं उष्टावण केलं. तोवर ती अंगावरच होती. आता भाताची पेज आणि डाळीचं वरचं पाणी सुरू झालं. पहिल्या दिवशी तिने जीभ बाहेर काढून तोंड वेडंवाकडं केलं आणि आम्ही हसलो. मग ती रडू लागली. थोड्या दिवसांनी तिच्या ओठांच्या आतून पांढरे चट्टे आले. चमचा दिसला की मान फिरवायची. जुलाब सुरू झाले. बसणारी मुलगी पुन्हा आडवी झाली.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती. तिने तोंड उघडून पाहिलं आणि लावायला जांभळं औषध दिलं. "पाणी उकळून देता का?" तिने विचारलं. मी मान हलवली. "नीट खळखळून उकळा. आणि मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत राहा. जितकं जाईल तितकं."

मी तसंच केलं. झिऱ्याचं पाणी खळखळून उकळलं. ते आटायचं आणि भांड्याच्या कडेला पांढरी रेघ उमटायची. त्यात मीठ-साखर घातली आणि मुलीला जितकं गेलं तितकं पाजलं. ती ओठ घट्ट मिटायची, मी बोटाने उघडायची. उपाय मी मन लावून करत होते आणि ती माझ्या मांडीवर हलकी होत चालली होती.

अशात हळदीची गोष्ट झाली.

आमच्याकडे डाळ शिजली की आधी मुलीपुरती वाटीभर बाजूला काढायची, आणि मग मोठ्यांच्या डाळीत सासूबाई आमसूल टाकायच्या. लहान पोराला आंबट द्यायचं नाही म्हणून. मी हळद सगळ्या डाळीतच घालायची. एक दिवस चुलीजवळ उजेड बरा होता. मुलीची वाटी काढून ठेवली होती ती तांबडी दिसली. वीट उगाळल्यासारखी. आणि पातेल्यातली, आमसूल पडलेली डाळ पिवळीधमक.

एकाच डाळीचे दोन रंग. मी सासूबाईंना दाखवलं.

"दुकानदार चोर हाय," त्या म्हणाल्या. "हळदीत रंग मिसळलान. ह्याला सांग, उद्या परत कर म्हणून."

ह्यांनी ती पुडी परत केली आणि दुसऱ्या दुकानातून आणली. तीही तांबडी झाली. "सगळेच चोर," सासूबाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात माझा भाऊ गावाहून भाचीला बघायला आला. त्याच्याबरोबर आईने परसातली हळद पाठवली होती. ही हळद मी ओळखत होते. लहानपणी मी स्वतः ती उकडली, वाळवली आणि उखळात कुटली होती. आमच्या परसात चोर नव्हता.

मी वाटीत झिऱ्याचं पाणी घेतलं आणि आईची हळद चिमूटभर टाकली. ती पाण्यावर पडली तेव्हा पिवळी होती. बोटाने ढवळलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचं कुंकू झालं.

हळदीचं कुंकू कसं होतं हे कुठल्या बाईला माहीत नाही? हळदीत चुना पडला की होतं. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो. म्हणजे ह्या पाण्यात चुन्यासारखं, साबणासारखं काहीतरी होतं, आणि ते मी चमच्याचमच्याने लेकीच्या तोंडात घालत होते. तिच्या तोंडाला काय होत असेल ते मला माझ्या बोटांवरून कळायला हवं होतं.

संध्याकाळी ह्यांना दाखवलं. ह्यांनी वाटी दिव्याजवळ नेली, बोटाने ढवळली. मग म्हणाले, "ह्या भागातलं सगळंच पाणी असं असेल. आपल्याला काय माहीत?"

"मग शिरवण्याचं बघूया," मी म्हणाले.

सासूबाई पलीकडे मुलीला घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विहिरीवर जाशील तर त्या पाण्याचा घोट मी घ्यायची नाय. सांगून ठेवते."

"अगो आये, पोर बघ ना कशी झालीय," हे म्हणाले.

"माझंपण पोर गेलंय," सासूबाई म्हणाल्या, "विहिरीच्याच काठावर."

रस्त्याचा नळ तेव्हा बंदच होता, रस्ता खणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी हे पहाटेच कामाला गेले. मी भात उरकला, मुलीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, कळशी घेतली. बाटलीत झिऱ्याचं पाणी भरलं आणि आईची हळद कागदात बांधून कमरेला खोचली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण जाऊ नको असं म्हणाल्या नाहीत.

शिरवण्याला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. विहिरीवर चार-पाच बायका होत्या. मला तोंड उघडून विचारायचं होतं, आणि तेच मला येत नव्हतं. मी लांबच उभी राहिले. उभी राहिल्यावर लक्षात आलं की सासूबाई म्हणायच्या तशीच मी उभी आहे. विहिरीशेजारी दगडाची डोण होती, गुरांसाठी. तिच्यात थोडं पाणी होतं. मला वाटलं, विचारायची गरजच नाही, डोणीतलं पाणी त्याच विहिरीचं. मी हळूच पुढे गेले, पुडी सोडली आणि चिमूट टाकली.

"ए बाय! काय टाकलास गो पान्यान?"

गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली एक म्हातारी कळशी खाली ठेवून माझ्याकडे आली आणि तिने माझं मनगट धरलं. बाकीच्या गोळा झाल्या.

"हलद हाय जनू."

"हलद? भर दुपारची? कुनाचे नावानं टाकतेस गो? कुनाची तू?"

"करनी कराला आली आसल. भुतानला हलद लावाला हीच येल भेटली?"

"तोंड हाय का नाय हिला?"

"मुकी हाय वाटतं."

"मुक्या बायाच जास्त करतान," कुणीतरी म्हणालं आणि एक-दोघी हसल्या. म्हातारी हसली नाही. तिची पकड घट्ट होती.

मी डोणीकडे बघितलं. हळद पाण्यात पसरली होती आणि पिवळीच राहिली होती. ते बघून मला रडूच यायला लागलं, आणि त्यांना वाटलं मी घाबरले. मोकळ्या हाताने मी बाटली काढली, डोणीच्या कडेला दगडाला एक खळगा होता त्यात पाणी ओतलं आणि उरलेली हळद टाकली.

खळग्यात तांबडं भडक झालं. बायका मागे सरकल्या.

"आये, हात नको लावू!"

तेव्हा मी बोलले. एवढ्या माणसांत मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते, आणि आवाज माझा वाटत नव्हता. "करणी नाही ही," मी म्हणाले. "हे आमचं पिण्याचं पाणी आहे. माझी मुलगी हे पिते. तुमच्याकडचं पाणी असं होतं का ते बघायला आले."

म्हातारीने माझं मनगट सोडलं. खळग्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं.

"बुलबुलीत लागतं. साबनावानी. कुठचं पानी?"

"तुर्भ्याच्या नाल्यातलं. झिऱ्याचं. कंपनीच्या भिंतीखालचं."

"पोर केवरी हाय?"

"बसायला लागली होती. आता बसत नाही."

म्हातारी खाडीच्या दिशेला बघत म्हणाली, "आमच्या खारीन जिताड्याचा मासा आता नावाला घावत नाय. तुमचं पानी आज तांबडं झालं, आमची खारी कवाच झाली." मग ती माझ्यावर खेकसली, "मंग उभी काय रायलीस? शेंद पानी!" आणि तिने आपल्या हातातला दोर माझ्या हातात दिला.

मी पोहरा सोडला. पहिल्या खेपेला अर्धं पाणी सांडलं. "खाल्लं नाय वाटतं सकालपासना," म्हातारी म्हणाली आणि मागून दोराला हात लावला.

घरी आले तर सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी कळशीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "वरून ओतलान काय?"

"नाही. दोर माझ्या हातात दिला. मीच शेंदलं."

मी पाणी उकळलं, निववलं, मुलीच्या ओठांना चमचा लावला. तिने सवयीने ओठ मिटले. थेंब आत गेला तेव्हा ती थांबली. आणि मग तिने चमच्याच्या मागे मान पुढे केली. सासूबाईंनी ते पाहिलं. संध्याकाळी मी भाकऱ्या करत असताना त्यांनी माझ्या पाठीमागे कळशीतून पेला भरून घेतला. मला आवाज आला, मी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन डॉक्टरणीकडे गेले. ह्या वेळी मी मान हलवली नाही, सगळं सांगितलं. बाटलीतल्या पाण्यात हळद टाकून दाखवली, तेव्हा ते तांबडं पाणी बघून तिचा चेहरा उतरला. "आणि मी तुम्हाला हेच पाणी उकळायला सांगितलं," ती म्हणाली. "उकळून जंतू मरतात. हे मरत नाही, आटून आणखी दाट होतं. हे कुणीच पिऊ नका, अंघोळीलासुद्धा नको." मी उठले तेव्हा तिने मला परत बसवलं. "आणि एक ऐका. हळद लाल झाली तर पाणी नक्की वाईट. पण पिवळी राहिली म्हणजे चांगलं, असं समजू नका. कारखान्याच्या पाण्यात आणखी कायकाय असतं, ते हळदीला कळत नाही. त्याला रंग नसतो, वासही नसतो."

तिने वर कळवलं असावं. दोन साहेब आले आणि झिऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. त्या बाटलीचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. भिंतीच्या नळ्यातून पाणी वाहतच राहिलं.

शेजारणीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. "काऊन नावं ठेवता वहिनी आमच्या झिऱ्याला?" ती म्हणाली. "डाळ शिजती का नाही? फेस येतो का नाही? मग?" मी तिच्याच चुलीपुढे बसले आणि तिच्याच हळदीची चिमूट तिच्याच पाण्यात टाकली. ती बघत राहिली. मग तिने आपल्या नवऱ्याच्या ताटातलं वरण उचललं आणि बाहेर ओतून आली.

झिरा शेजाऱ्यानेच बुजवला. आला तसाच पहार आणि घमेलं घेऊन उतरला आणि खाणीतले दगड टाकत राहिला. वस्तीतले पुरुष काठावर उभे होते, कुणी मदतीला उतरलं नाही, कारण त्याने कुणाला उतरू दिलं नाही. पुढच्या वर्षी नाल्याला पूर आला तेव्हा ते दगड वाहून गेले आणि खड्ड्यात पुन्हा काचेसारखं पाणी साठलं. वरच्या अंगाला तेव्हा नवी माणसं राहायला आली होती. मला आता बोलावंच लागायचं. हळदीची पुडी घेऊन मी दारोदार जायची. काही ऐकायचे. काही म्हणायचे, बाई, डाळ बघा किती लवकर शिजते.

मुलगी सावरली, पण हळूहळू. तोंडातले चट्टे गेले. पुन्हा बसायला वेळ लागला, चालायला त्याहून लागला. चमचा पुढे केला की आधी ओठ मिटायचे, ही सवय मात्र तिची बरीच वर्षं गेली नाही.

मी रोज शिरवण्याला जात राहिले. म्हातारीनेही आता रीत पाडली होती. सकाळी पहिला पोहरा वर आला की त्यात चिमूट टाकायची आणि सगळ्या विहिरीला ऐकू जाईल असं ओरडायची, "पिवली हाय गो, भरा!" बायका हसायच्या आणि भरायच्या.

एक दिवस आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी तिला डॉक्टरणीने सांगितलेलं सांगितलं. पिवळी राहिली म्हणजे पाणी चांगलंच असं नाही. हळदीला सगळं कळत नाही.

म्हातारीने ऐकून घेतलं. दोर तिच्या हातात होता. विहिरीच्या पलीकडे नवी भिंत उठत होती, तिच्याकडे बघून ती म्हणाली, "हलदीला नाय कलत. मंग कुनाला कलतं गो?"

घरी मुलगी पेजेसाठी थांबली होती. म्हातारीने पोहरा वर ओढला आणि माझ्यापुढे धरला. मी पुडी सोडून चिमूट टाकली. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

पिवळीच राहिली. मी कळशी भरली.